आजोबांच्या रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर आधी सुईचं बघा, पेटीचं मागाहून

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचं घर आवरताना एका ताईंना माळ्यावर ट्रंक सापडली. आत बऱ्याचशा जड काळ्या रेकॉर्ड, थोड्या एलपी (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड), काही लहान ईपी. आणि ट्रंकेशेजारी बंद पडलेला लाकडी रेडिओ. आता त्यांना दिवाणखान्याचा एक कोपरा जुन्या धाटणीचा करायचा आहे. त्यासाठी पिस्ता रंगाचा सूटकेस प्लेअर (सूटकेससारख्या पेटीतला रेकॉर्ड प्लेअर) ऑनलाइन पसंत करून ठेवलाय, आणि चोर बाजारात पितळी कर्ण्याचा एक ग्रामोफोनही हेरलाय. दोन्ही घ्यावेत का, रेडिओचं काय करावं, आणि माझ्या स्वतःच्या आवडीच्या रेकॉर्ड नि वस्तू कोणत्या, हेही विचारलंय.

मी पुण्यात प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ दुरुस्त करतो. दुकानात रोज हेच बघत असल्यामुळे सरळच सांगतो: दोन्हींपैकी एकही घेऊ नका. जुन्या वस्तूंचा रुबाब मलाही भुरळ घालतो, पण त्या वस्तू तशा दिसायच्या त्यामागे बहुतेक वेळा काही काम होतं. आजच्या नकलांमध्ये दिसणं तेवढं उचललेलं असतं, काम वगळलेलं असतं. आणि त्याचा भुर्दंड पेटीला बसत नाही, रेकॉर्डला बसतो.

आधी ट्रंकेत काय आहे ते नीट ओळखा. हाताला जड, नखाने टिचकी मारली की टणटणीत वाजणारी, बहुधा दहा इंची, आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचंच गाणं असलेली रेकॉर्ड ती ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती लाखेची असते. कुसुम-पळसावरच्या किड्यांपासून मिळणारी आपल्याकडचीच लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, गरम करून दाबलेली. हातातून सुटली की तिचे तुकडे होतात. एलपी आणि ईपी व्हिनाइलच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. त्या वाकतात, उन्हात ठेवल्या तर लाटेसारख्या होतात, पण सहसा फुटत नाहीत.

हा फरक कळला नाही तर पहिल्याच दिवशी मोठं नुकसान होतं. नेटवर रेकॉर्ड धुण्याचे जे घरगुती नुस्खे फिरतात, त्यांतल्या निम्म्यांमध्ये आयसोप्रोपिल किंवा साधं स्पिरिट असतं. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. म्हणजे ७८च्या रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला की धुळीबरोबर गाणंही पुसलं जातं. लाखेच्या रेकॉर्डला डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थेंबभर सौम्य लिक्विड सोप, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल हात आणि लगेच कोरडं कापड. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. भिजत तर मुळीच ठेवायची नाही. व्हिनाइलला हीच पद्धत चालते, फक्त तिथे इतकं जिवापाड जपावं लागत नाही.

आता सुई. सगळं उत्तर खरं तर इथेच आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

७८च्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिच्यासाठी सुईचं टोक साधारण तीन मिलचं लागतं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली ती बारीक खाचेची. तिच्यासाठी टोक एक मिल किंवा त्याहून कमी, आजकाल बहुधा ०.७ मिलचं. ही बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत घातली की ती भिंतींना नीट टेकत नाही, तळाशी जाऊन बसते. तिथे तुमच्या आजोबांच्या काळापासून साचलेला ग्रामोफोनच्या लोखंडी पिनांचा (सुयांचा) चुरा आणि धूळ. मग ऐकू येतं ते गाणं कमी आणि तळलेल्या पापडाचा आवाज जास्त, आणि ऐकणारा म्हणतो, ‘जुन्या रेकॉर्ड म्हणजे खरखर असणारच.’ अहो, असणारच असं काही नाही. योग्य सुई लावून तीच रेकॉर्ड ऐकवली की लोक खुर्चीत पुढे सरकतात.

आपल्या घरांमध्ये सत्तरच्या दशकात जो एचएमव्हीचा फिएस्टा असायचा, किंवा गॅरार्डचे चेंजर (आपोआप रेकॉर्ड बदलणारे प्लेअर) असायचे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी एक छोटी दांडी असे. एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. दांडी फिरवली की सुई उलटी होऊन दुसरं टोक खाली येई. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण घरात दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड आहेत हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. तुमच्या पिस्ता सूटकेसला ७८चं बटण आहे. तबकडी ७८च्या वेगाने फिरेलही. सुई मात्र एकच, एलपीची. बटण ठेवलंय, दांडी काढून टाकलीय!

त्या सूटकेसची दुसरी अडचण म्हणजे वजन. त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) असतं आणि ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतं. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅमवर चालतं. सूटकेसमध्ये हा भार कमी-जास्त करायची सोयच नसते. मागे वजनाचा गोळा नाही, स्क्रू नाही. शिवाय स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे आवाज वाढवला की पेटी थरथरते, ती थरथर सुईत जाते आणि खर्जाचे स्वर घुमू लागतात. नव्या स्वस्त रेकॉर्डवर हौस भागवायची असेल तर माझी काही हरकत नाही. पण आजोबांच्या एलपी त्यावर रोज वाजवू नका.

मग घ्यायचं काय? फक्त एलपी आणि ईपीच ऐकायच्या असतील तर ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६० या वर्गातला साधा स्वयंचलित प्लेअर पुरे. तो ३३ आणि ४५वर चालतो, ७८ त्यात नाही, आणि ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलेलं आहे. तुमच्याकडे ७८ जास्त आहेत, त्यामुळे तिन्ही वेगांचा आणि कार्ट्रिज बदलता येणारा प्लेअर बघा; त्याच कंपनीचा एलपी-१२० चालेल. त्याला दोन हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवायचे सुटे तुकडे, घ्या, एकात एलपीची सुई, दुसऱ्यात तीन मिलची ७८ची. रेकॉर्ड बदलली की हेडशेल बदला, भार पुन्हा जुळवा. मिनिटाभराचं काम आहे. स्पीकर वेगळे, आणि प्लेअर ज्या टेबलावर आहे त्या टेबलावर ते ठेवायचे नाहीत. बजेट कमी असेल तर स्पीकर स्वस्त घ्या, सुई स्वस्त घेऊ नका. स्पीकर उद्या बदलता येतो. झिजलेली खाच कुठून आणणार?

जुनाच प्लेअर हवा असेल तर तोही मिळेल. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत मटन स्ट्रीटला चांगल्या वस्तू अजून निघतात. घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. आर्म हाताने हलवून पाहा, अडखळता कामा नये. मोटर सुरू करून कान टेबलाला लावा, घरघर आली तर तबकडी फिरवणाऱ्या चाकाचं, आयडलरचं, रबर कडक झालंय. आणि सुईबद्दल विक्रेता ‘नवीच आहे साहेब’ म्हणाला तरी नवी घ्यायचीच, असं धरून चला.

आता तो पितळी कर्णा. अष्टकोनी लाकडी पेटी, झगझगीत कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र, हे जर चोर बाजारात दिसत असेल तर जवळजवळ खात्रीने ती आजकालची जोडाजोड आहे. मोटर एका मोडक्या पोर्टेबलची, साउंड बॉक्स (पिन आणि थरथरणारा पापुद्रा असलेली डबी) कुठला तरी, कर्ण्याला जोडणारा वाकडा पाइप जाड ओतीव पितळेचा आणि सांध्यात फट. ग्रामोफोनमध्ये वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याची थरथर तेवढी असते, आणि ती कर्ण्याच्या हळूहळू रुंद होत जाणाऱ्या पोकळीतून वाढत बाहेर येते. म्हणून कर्ण्याची लांबी, त्याचा फुलोरा, सांध्याचा घट्टपणा यावरच आवाज ठरतो. नकलेत कर्णा म्हणजे शोभेची फुलदाणी. वर त्याचा आर्म असा बसवलेला असतो, की पिन रेकॉर्डवर तिरकी ओढली जाते आणि खाच खरवडत जाते.

खरा ग्रामोफोन घ्यायचाच असेल तर माझी पसंती विचाराल तर कर्णा नकोच. एचएमव्हीचा १०२ शोधा. १९३१ साली आलेला हा पोर्टेबल पुढे कित्येक वर्षं बनत राहिला, त्यामुळे आजही मिळतो आणि दुरुस्तही होतो. काळ्या कातडी कापडाची पेटी, कर्णा आत दडवलेला, झाकण उघडलं की आवाज झाकणावर आपटून समोर येतो. बंद केल्यावर हातात धरून चालत जाता येतं. मला वस्तूंमधलं जे जुनं सौंदर्य आवडतं ते असं आहे: एकही गोष्ट उगाच नाही. कोपऱ्यातला पिनांचा छोटा फिरता कप्पासुद्धा हाताला बरोबर सापडतो.

पिनांचंही ऐका. लोखंडी पिन एका बाजूला एक. बाजू संपली की टाकून द्यायची, कारण रेकॉर्डमधली दगडाची पूड तिला घासून रेकॉर्डच्या खाचेच्या आकाराची करते. तीच पुन्हा लावली तर दुसऱ्या रेकॉर्डची खाच कापते. ग्रामोफोनला व्हॉल्यूमचं बटण नसतं. जाड पिन लावली की आवाज मोठा, बारीक लावली की हळू. आणि कृपा करून एलपी कधीही ग्रामोफोनवर ठेवू नका. त्या साउंड बॉक्सचं वजन शंभर ग्रॅमहून जास्त असतं. व्हिनाइल एकदाच वाजेल.

वेगाबद्दल एक गोष्ट फारच थोडे लोक बघतात. ‘७८’ हा आकडा नंतर रूढ झाला. सुरुवातीच्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने झालेलं असे. ७४ वर मुद्रित झालेली रेकॉर्ड ७८वर वाजवली की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचात गाणारा माणूस काळी चारात जाऊन बसतो, लय पळते, आवाज बारीक होतो, आणि आपण म्हणतो की त्या काळचे लोक नाकात गायचे. घरात वाजवायची पेटी, म्हणजे हार्मोनियम, असेल तर ती जवळ घ्या. गायकाची पट्टी माहीत असेल तर षड्ज जुळेपर्यंत वेगाचा खटका सरकवा. पट्टी माहीत नसेल तर साथीच्या पेटीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतोय का ते बघा. तसं असेल तर वेग चुकलाय. प्लेअर स्वतः बरोबर ७८ फिरतोय का, हे तपासायला स्ट्रोबची कागदी चकती मिळते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात ७८ साठी ७७ रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे, ३३ साठी १८० रेघांचं. एलईडीखाली हा खेळ बहुधा जमत नाही.

आता आवडीनिवडी. या माझ्या आहेत, वाद घालायला मोकळीक आहे.

७८मध्ये पहिलं नाव अब्दुल करीम खाँसाहेबांचं. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ओडियन कंपनीच्या रेकॉर्डवर आहे. तीन मिनिटांच्या आसपास काय ते गाणं, पण घाई कुठे म्हणून नाही. त्या काळच्या गवयांना हे तीन मिनिटांचं कुंपण जाचत होतं हे खरंच. मैफलीत तास-तास रंगणारा राग तबकडीवर उरकायचा म्हणजे काय! पण काहींनी त्या कुंपणातच नवा बांधा शोधला. आलाप दोन ओळींचा, बंदिशीचं तोंड लगेच, ताना मोजक्या, आणि शेवटची सम सुई आत पोचायच्या आधी. मला विचाराल तर मराठी भावगीताचा आटोपशीरपणा मोठ्या प्रमाणात या लाखेच्या तबकडीने घडवला. ग. ना. जोशींचं ‘रानारानात गेली बाई शीळ’ ऐकून पाहा. हेच जोशी पुढे एचएमव्हीत मुंबईचं ध्वनिमुद्रण सांभाळायचे, म्हणजे स्टुडिओच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी हा काळ पाहिला.

नाट्यसंगीतात बालगंधर्वांच्या रेकॉर्ड घराघरांतून निघतात, तुमच्याही ट्रंकेत असतीलच. त्या पुष्कळ वाजवलेल्या असतात, त्यामुळे खाचा भिजलेल्या कागदासारख्या झालेल्या. मास्टर दीनानाथांची ‘परवशता पाश दैवे’ चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नका; तो आवाज ७८च्या रुंद खाचेतच शोभतो. आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं ‘कुलवधू’मधलं ‘बोला अमृत बोला’. नाटक १९४२ चं. तोवर विजेवरचं मायक्रोफोनचं ध्वनिमुद्रण चांगलं रुळलं होतं, त्यामुळे शब्दांचे काठ स्पष्ट ऐकू येतात. १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हताच. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर मेणात खाच कोरली जायची. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान अशाच गायल्या आणि गाणं संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगितलं. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जायच्या, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून, असं सांगतात.

केसरबाई केरकरांच्या रेकॉर्ड मी वेगळ्याच कारणासाठी जपतो. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेला ध्वनिमुद्रणाचं फारसं प्रेम नव्हतं, त्यामुळे रेकॉर्ड मोजक्याच. त्यांच्यातली भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अवकाशात गेली. बाईही त्याच वर्षी, सप्टेंबरात गेल्या. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. माझ्यासारख्याला त्यात भावतं ते पुढचं. ती तबकडी १६⅔ च्या वेगाची आहे, बारा इंची आहे, आणि तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुई दोन्ही पाठवली आहेत. झाकणावर सुई कुठे टेकवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची, हे रेघांच्या चित्रांत कोरलंय. आजवरचं सर्वांत देखणं रेकॉर्ड कव्हर कुठलं असं कुणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेतो. त्यात एक रेघही नुसती शोभेसाठी नाही.

एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. किशोरी आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी तुमच्या ट्रंकेत निघाली तर मला कळवा, विकत मागणार नाही, फक्त तिचं कव्हर बघायला येईन. गीतरामायणाची एलपी बऱ्याच जणांकडे असते. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही ५६ गाणी भाविकतेने विकत घेतली गेली, म्हणून बाजारात तशी भरपूर आहेत. ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी अवाच्या सवा भाव सांगितला तर हसून पुढे जा. आणि ईपींना कमी लेखू नका. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, कोळीगीतं, शाहिरांचे पोवाडे या सात इंची तबकड्यांवर ४५च्या वेगाने जो दणका देतात, तो एलपीवर येत नाही. मध्यापासूनचं अंतर सारखं असेल तर वेग जास्त म्हणजे त्याच सेकंदाला खाच लांब, साधं गणित आहे.

तुमच्या कोपऱ्याच्या सजावटीबद्दल. बाजारात ‘रेट्रो’ म्हणून जे मिळतं ते निम्मं अमेरिकेतलं असतं: डायनरच्या पाट्या, गुलाबी कॅडिलॅक, इंग्रजी निऑन अक्षरं. आपल्याकडे जुनं काय कमी आहे? रेकॉर्डची कागदी पाकिटंच बघा. त्यांवर गावोगावच्या विक्रेत्यांच्या जाहिराती, शिक्के, कुणीतरी शाईच्या पेनाने लिहिलेलं नाव. ती फाटकी म्हणून फेकू नका. रेकॉर्ड नव्या पाकिटात घाला आणि जुनी पाकिटं फ्रेम करा. ईपीची कव्हरं भिंतीवर फार खुलतात. भडक रंग, कापून चिकटवलेले फोटो आणि हाताने काढलेली देवनागरी.

हाताने काढलेल्या देवनागरीत मात्र मी फार चिकित्सक आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी जी अक्षरं काढली, त्यांत नाटकाचा पिंड शीर्षकातच दिसे: कुठे अक्षर थरथरतं, कुठे शिरोरेघ तुटते, कुठे वेलांटीच पात्र होते. ते बघितल्यावर आजकालच्या कॅफेंमधल्या ‘जुन्या’ मराठी पाट्या बघवत नाहीत, कारण तिथे इंग्रजी फाँटच्या वळणावर देवनागरी ओढूनताणून बसवलेली असते. स्वतः पोस्टर करायचं असेल तर पाटी रंगवणारा पेंटर अजून कुठल्याही तालुक्याच्या गावात भेटतो, त्याच्याकडून करून घ्या. संगणकावरच करायचं असेल तर मुंबईच्या एक टाइपने केलेले बालू आणि मोदक हे फाँट मोफत आहेत. मोदकची गुबगुबीत अक्षरं मोठ्या शीर्षकाला झकास दिसतात, लहान मजकुराला मात्र वापरू नका.

रंगांसाठी मुंबईच्या जुन्या थिएटरांत जाऊन या. १९३३ चं रीगल, १९३८ चं इरॉस, १९४९ चं लिबर्टी. फिकट पिस्ता, लालसर तपकिरी, मलईचा पांढरा आणि पितळी कडा, एवढ्यावर ती माणसं थांबली. आपण तिथेच चुकतो, एका भिंतीवर सगळी दशकं चिकटवतो.

सारेगामाच्या कारवाँबद्दल लोक मला हमखास विचारतात. २०१७ मध्ये आला, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसतो, आत पाच हजार गाणी भरलेली. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात. मला तो आवडतो. वयस्कर माणसाला मोबाइलशिवाय, एक गोल बटण फिरवून गाणं लावता येतं. इथे जुनं रूप खरोखर उपयोगी पडलंय. शिवाय तो कुणाच्या रेकॉर्डला हात लावत नाही.

राहिला तुमचा लाकडी रेडिओ. त्याची पिन सरळ सॉकेटमध्ये घालू नका, हे आधी. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्हच्या संचात कपॅसिटर वाळलेले किंवा गळके असतात. एकदम पूर्ण दाब दिला की एखादा फुटतो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असतो. बंद केल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतो. त्या काळच्या काही एसी-डीसी संचांत तर ट्रान्सफॉर्मरच नसायचा, आतल्या लोखंडी सांगाड्यालाच थेट मेन्सचा करंट. आम्ही दुकानात सिरीज बोर्डवर, म्हणजे साठ किंवा शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून, आधी वीज देतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. क्षणभर उजळून मंद झाला तर जीव आहे. हे घरी करू नका, माहीतगाराकडे न्या. त्याला एवढंच सांगा की कपॅसिटर बदल, पण वरून दिसणाऱ्या गोष्टींना हात लावू नकोस. लाकडाला टच-वुडसारखं पॉलिश फासून चकचकीत करायचा मोह तुम्हीही आवरा. मऊ कापडाने थोडं मेण पुरे.

संचात हिरवा डोळा असेल तर भाग्य समजा. स्टेशन नेमकं लागलं की त्या व्हॉल्व्हमधल्या हिरव्या उजेडाच्या दोन पाकळ्या मिटत जवळ येतात. मला स्वतःला कुठल्याही काट्यापेक्षा, डिजिटल आकड्यापेक्षा तो जास्त आवडतो, कारण ऐकता ऐकता नजरेच्या कडेने कळतं. मध्यम लहरींवर आकाशवाणी लागली तर उत्तमच. नाही लागली तर मागे बहुधा पिकअपचं सॉकेट असतं, तिथून प्लेअर जोडता येतो. पण तेही सांगाड्यात करंट नाही ना, हे माहीतगाराने तपासल्यावरच.

पावसाळ्याआधी एक काम उरकून टाका. रेकॉर्ड ट्रंकेतून काढा. आडव्या थप्पीत खालच्या ७८ तडकतात आणि एलपी वाकतात. उभ्या ठेवा, दर सात-आठ इंचांवर आधाराची फळी, बाहेरच्या भिंतीपासून लांब. बुरशीचे पांढरे ठिपके आधी कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, मग धुवा. मग यादी करा. लेबलवरचा नंबर, कंपनी, गायक, गाणं, आणि लेबलच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेली अक्षरं-आकडे, दोन्ही बाजूंची. त्यावरून तबकडीची नेमकी ओळख पटते, आणि मुंबईत १९९० पासून असलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींसारख्या जाणकारांना विचारायचं झालं तर ते पहिला प्रश्न हाच करतील. ‘बालगंधर्वांच्या दहा रेकॉर्ड’ असं सांगून कुणालाच काही कळत नाही. यंग इंडियाचं लेबल दिसलं तर ती वेगळी काढा; तीस-चाळीसच्या दशकांतली ही मुंबईची कंपनी, आणि तिच्यावर नवख्या गायकांचं बरंच काही आहे, जे पुन्हा कुठे निघालं नाही. यादी झाली की प्लेअर घेण्याआधी मोजा, ७८ किती आणि एलपी किती. त्या दोन आकड्यांवर कुठली सुई आधी घ्यायची ते ठरेल.